एकवीस लाख प्लॉट, सगळे रिकामे

आमच्या हैदराबादच्या हिमायतनगरात जमीन गजात, म्हणजे चौरस यार्डात, मोजतात. कुणाचं घर किती मोठं, तर दोनशे गज. कुणाची वाटणी कशी झाली, तर थोरल्याला शंभर आणि धाकट्याला शंभर गज. दोनशे गजांवर एकेकाळी अंगण, विहीर, पारिजातक आणि तीन खोल्या असायच्या. आज त्याच दोनशे गजांवर पाच मजले उभे राहतात, आणि खाली गाड्या लावायला जागा पुरत नाही. आमच्या गल्लीत कुणी ‘एकर’ हा शब्द उच्चारला की माणसं क्षणभर गप्प होतात. एक एकर म्हणजे ४,८४० गज. म्हणजे दोनशे गजांचे चोवीस प्लॉट, म्हणजे आमची अख्खी गल्ली!

आणि मग एका सोमवारी सकाळी सॅन होजेहून पुतणीचा फोन आला. “काका, काल आम्ही कोला जाऊन आलो. हेन्री कोचं उद्यान. इथून तास-सव्वा तासावर. पूर्वी गुरांचं रान होतं ते.”

“किती मोठं आहे गं?”

“सत्त्याऐंशी हजार एकर.”

फोन ठेवला आणि वहीचं मागचं पान उघडलं. तुम्हीही उघडा. हा हिशेब एकट्याने करण्यात मजा नाही.

८७,००० एकर म्हणजे ४२ कोटी १० लाख गज. दोनशे गजांचे प्लॉट पाडले, रस्ते-बिस्ते न सोडता, तर २१ लाख प्लॉट. एकवीस लाख! सेकंदाला एक गज या वेगाने कुणी रात्रंदिवस मोजायला बसलं, जेवणाला नाही, झोपेला नाही, तर मोजणी संपायला १३ वर्षं ४ महिने लागतील. मोजणी सुरू होताना पहिलीत बसलेलं पोर मोजणी संपेपर्यंत कॉलेजात गेलेलं असेल.

गज नको, गुंठे घ्या. ३४ लाख ८० हजार गुंठे. चौरस किलोमीटर घ्या. सुमारे ३५२. हा आकडा ऐकायला लहान वाटतो आणि तिथेच माणूस फसतो. म्हणून त्यात ओळखीच्या जागा भरून बघू. आमचा हुसेनसागर सुमारे ५.७ चौरस किलोमीटरचा. टँकबंडवर उभं राहिलं की पलीकडचा काठ धूसर दिसतो. असे साठावर हुसेनसागर त्यात मावतात. बंजारा हिल्सजवळचं केबीआर पार्क सुमारे ३९० एकरांचं. सकाळी त्याला एक फेरी मारली की गुडघे बोलू लागतात. अशी २२३ पार्कं. वनस्थळीपुरमचं हरिणांचं राष्ट्रीय उद्यान, निजामाच्या शिकारीचं जुनं रान, ३,७५८ एकर. शहराच्या कडेला एवढं मोठं जंगल शिल्लक आहे याचा आम्हाला केवढा अभिमान! तशी तेवीस बसतात.

आता महाराष्ट्रात चला. दादरचं शिवाजी पार्क साधारण २८ एकर. तशी तीन हजार शंभर. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान १०४ चौरस किलोमीटर. तशी तीन, आणि चौथ्याचाही तिसरा हिस्सा. आणि ताडोबा! १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं मूळ ताडोबा ११६.५५ चौरस किलोमीटरचं आहे. एक ठेवा, दुसरं ठेवा, तिसरं ठेवा. तिन्ही बसली. आणि कोपऱ्यात जी जागा उरली, तिच्यात केबीआर पार्क आरामात मावलं.

मुंबई शहर आणि उपनगर मिळून ६०३ चौरस किलोमीटर. २०११च्या जनगणनेत तिथे १ कोटी २४ लाख माणसं होती. त्याच दाटीने माणसं या उद्यानात भरली तर ७२ लाख राहतील. प्रत्यक्षात राहतात ते बोटांवर मोजण्याइतके वनरक्षक.

आता रेल्वे आणा. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर १.६७६ मीटर. हे सगळं उद्यान तेवढ्या रुंदीच्या पट्टीत कापलं आणि पट्ट्या टोकाला टोक लावून अंथरल्या तर लांबी किती होईल? २ लाख १० हजार किलोमीटर. पृथ्वीला विषुववृत्तावर पाच वेढे, आणि तरी शेपूट उरेल. मुंबई-पुणे लोहमार्ग १९२ किलोमीटरचा, म्हणजे अशा जवळजवळ अकराशे मुंबई-पुणे पट्ट्या! डेक्कन क्वीन एक खेप सव्वातीन तासांच्या आत मारते. तिला या पट्टीवर सोडली, कर्जतला नाही, लोणावळ्याला नाही, कुठेच थांबवली नाही, तर शेवटचं टोक यायला १४४ दिवस लागतील. मृग लागला त्या दिवशी निघालेली गाडी दिवाळीच्या सुमाराला पोहोचेल.

हे सगळं कुठे आहे, ते आता नीट सांगतो. कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या दक्षिणेला मॉर्गन हिल नावाचं गाव आहे. तिथून डोंगरात वीसेक किलोमीटरची नागमोडी चढण चढली की उद्यानाचं मुख्य ठाणं येतं. खाली खोऱ्यात सिलिकॉन व्हॅली. हैदराबादची, पुण्याची, नाशिकची किती मराठी घरं तिथे आहेत! आमच्याच गल्लीतली तीन. त्याच खोऱ्यात क्यूपर्टिनोला अ‍ॅपल कंपनीचं ते गोल मुख्यालय आहे, १७५ एकरांचं. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीचं घर ते. अशी ४९७ मुख्यालयं कोच्या कुंपणात बसतील. एकात बारा हजार माणसं काम करतात असं धरलं तर साठ लाख नोकऱ्या! आणि डोंगरावर काय आहे? ओक, गवत, रानडुकरं, आकाश. पायवाटा आणि जुने गाडीरस्ते मिळून चारशे किलोमीटर. मुंबईहून पुण्याला पायी जा, पायीच परत या, आणि पुन्हा पुण्याकडे तोंड करून कुर्ल्यापर्यंत चाला, तेव्हा चारशे होतात.

एवढी जमीन रिकामी राहिली कशी? उत्तर आहे: गाय. नीट सांगायचं तर मांसासाठी वाढवलेलं गुरू. अमेरिकेत १८६२च्या कायद्याने वसाहत करणाऱ्याला सरकार १६० एकर देत असे. आपल्याकडे महाराष्ट्राच्या कमाल जमीनधारणा कायद्यात कोरडवाहूची मर्यादा ५४ एकर आहे. म्हणजे तिथली नुसती सुरुवातच आपल्या शेवटाच्या तिप्पट. पण या डोंगरांवर १६० एकरांत कुणाचं भागत नव्हतं. उन्हाळ्यात गवत वाळून पिवळं पडतं, झरे आटतात, आणि गुरांना मैलोगणती फिरावं लागतं. म्हणून एकाने शेजाऱ्याची जमीन घ्यायची, त्याने त्याच्या शेजाऱ्याची, आणि तुकड्याला तुकडा जोडत हजारो एकरांची रँच उभी करायची. हेन्री कोने पाइन रिजवर तेच केलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्याची गुरं या कड्यांवर चरत होती.

पण कोचं रान म्हणजे चिल्लर. या डोंगरांच्या पायथ्याशी गिलरॉय गावाजवळ ज्याचा वाडा होता, तो हेन्री मिलर बघा. मूळचा जर्मन खाटीक, जन्म १८२७. १८५० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला उतरला तेव्हा खिशात सहा डॉलर होते, असं सांगतात. १९१६ मध्ये मेला तेव्हा त्याच्या कंपनीच्या मालकीचे १४ लाख एकर होते. चौदा लाख! सोळा कोची उद्यानं. आपल्या ५४ एकरांच्या मर्यादेने वाटले तर पंचवीस हजारांहून जास्त शेतकऱ्यांची कमाल धारणा एका माणसाच्या हातात! भाड्याने, पाण्याच्या हक्काने, या ना त्या वाटेने त्याचा ताबा चालत असलेलं रान तर २२,००० चौरस मैल होतं असं म्हणतात. आमच्या निजामाचं अख्खं हैदराबाद संस्थान, मराठवाडा, तेलंगण, कन्नड जिल्हे सगळं धरून, सुमारे ८२,७०० चौरस मैलांचं. सहा डॉलर घेऊन आलेल्या खाटकाच्या हाताखाली निजामाच्या राज्याच्या चौथाईपेक्षा मोठा मुलूख होता, आणि तोही तोफ न उडवता. ऑरेगनपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत गुरं हाकत जावं आणि रोज रात्री स्वतःच्याच जमिनीवर झोपावं, अशी त्याची दंतकथा आहे.

याच मिलरच्या गोष्टीत एक आकडा असा आहे की तिथे माझी पेन्सिल थांबली. त्या प्रदेशात टूले एल्क नावाचं मोठं हरीण होतं, आपल्या सांबराच्या जातकुळीतलं. युरोपीय येण्यापूर्वी ती ५ लाख असावीत असा अंदाज आहे. वानखेडे मैदानात ३३ हजार माणसं बसतात. पंधरा वानखेडे गच्च भरून हरणं! मग सोन्यासाठी माणसं आली, बंदुका आल्या, गुरं आली. १८७० च्या दशकात ही हरणं संपलीच असं लोक धरून चालले होते. मग मिलरच्याच जमिनीवर दलदल उपसताना मूठभर हरणं निघाली. तीसच्या आत. पंधरा वानखेड्यांतून उरली किती, तर एका एसटीत बसवली तरी मागची बाकं रिकामी राहतील इतकी. मिलरने हुकूम सोडला: त्यांना कुणी हात लावायचा नाही. ज्याच्या लाखो गुरांनी त्यांचं गवत खाल्लं, त्याच्याच शब्दाने ती वाचली. आज कॅलिफोर्नियात ती पाच हजारांवर आहेत. १९७८ पासून काही हरणं हॅमिल्टन डोंगराजवळ आणून सोडली, आणि त्यांची पिलावळ आता कोच्या कड्यांवर दिसते. पुतणीने दुर्बिणीतून सात पाहिली. फोनवर तिचा आवाज चढला होता.

पण उद्यान झालं कसं? एका बाईने दिलं म्हणून. हेन्री कोची मुलगी सेडा. घोड्यावर बसून गुरं वळणारी, त्या कड्यांवर वाढलेली. वडील १९४३ मध्ये गेले. १९५३ मध्ये तिने वडिलांच्या नावाने १२,२३० एकर सांता क्लारा जिल्ह्याला देऊन टाकले, लोकांसाठी, उद्यान म्हणून. १९५८ मध्ये ते राज्याचं झालं. पुढे राज्याने भोवतीच्या रँच एकामागून एक घेतल्या आणि १२ हजारांचे ८७ हजार झाले.

१२,२३० एकर. हा आकडा पटकन वाचून पुढे जाऊ नका. हिमायतनगरापासून पन्नासेक किलोमीटरच्या आत पोचमपल्ली आहे. १८ एप्रिल १९५१ रोजी तिथे विनोबा बसले होते. गावातल्या भूमिहीनांनी ८० एकर मागितले, आणि वेदिरे रामचंद्र रेड्डी उभे राहून म्हणाले, शंभर देतो. त्या शंभर एकरांनी देश हलला. भूदानाची सगळी यात्रा तिथून निघाली, आणि आज गावाच्या नावातच भूदान आहे. सेडाने दोन वर्षांनी दिलं ते अशा १२२ पोचमपल्ल्यांएवढं. तुलना करायची ती फक्त आकाराची. रेड्डींची जमीन भुकेल्या हातांना कसायला गेली, आणि त्या शंभर एकरांचं मोल मी कशाशीही लावणार नाही. पण जमिनीवरचा हात उचलणं किती जड असतं, ते आमच्या गल्लीला विचारा. इथे भिंत एक वीत सरकली तर भाऊ भावाशी बोलत नाही.

रुपयांत बघायचंय? हिशेबाला सोपा म्हणून गजाला एक लाख रुपये भाव धरू. सेडाचे १२,२३० एकर म्हणजे ५ कोटी ९२ लाख गज. गुणाकार करा. ५ लाख ९२ हजार कोटी रुपये! २०२३-२४च्या अर्थसंकल्पात भारताच्या संरक्षणासाठी ५ लाख ९४ हजार कोटी होते. तिन्ही सैन्यदलं, तोफा, विमानं, पाणबुड्या, पगार, पेन्शन, सगळं. या भावाने सेडाने एका सहीत तेवढं दिलं. आणि पूर्ण ८७,००० एकरांचे? ४२ लाख कोटी. त्याच वर्षी केंद्र सरकारचा सगळा खर्च ४५ लाख कोटींचा होता. म्हणजे देशाचं जवळजवळ एक वर्ष. तिथे डोंगरावर ते गवत होऊन उभं आहे आणि वाऱ्यावर डुलतंय.

पाण्याचं बघू. या उद्यानावर एक इंच पाऊस पडला, फक्त एक इंच, चप्पल भिजेल एवढा, तर किती पाणी झालं? ८९४ कोटी लिटर. वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल विहीर काठोकाठ भरली तर साडेतीन लाख लिटर होतं. म्हणजे पंचवीस हजार विहिरी! एक इंचात! आणि २०१६चा लातूरचा उन्हाळा आठवतो? मिरजेहून पाण्याची गाडी निघायची, जलदूत. पन्नास वाघिणी, एका खेपेला २५ लाख लिटर. स्टेशनात ती शिरताना लोक रडले होते. त्या गाडीने हे एक इंच पाणी वाहायचं तर ३,५७७ खेपा. रोज एक खेप धरली तर नऊ वर्षं नऊ महिने. डोंगर ते एका रात्रीत पितो.

आगीचा हिशेब करताना मात्र हात जरा आखडतो. ३ सप्टेंबर २००७ रोजी कुणीतरी पिंपात कचरा जाळत होतं. ठिणगी उडाली. आठ दिवसांत ४७,७६० एकर पेटले, बहुतेक सगळे याच उद्यानातले. मिनिटाला चार एकर. शिवाजी पार्क सात मिनिटांत. केबीआर पार्क दीड तासात. वनस्थळीपुरमची साडेबारा उद्यानं एका आठवड्यात, एका पिंपापायी. मग ऑगस्ट २०२०. पाऊस नाही, नुसत्या विजा. कॅलिफोर्नियावर तीन दिवसांत अकरा-बारा हजार वेळा वीज पडली. हा परिच्छेद इथवर वाचायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात एखाददुसरी कुठेतरी पडून गेली असती. त्यातून या डोंगररांगेत जो वणवा जुळला, त्याने ३,९६,६२४ एकर घेतले. उद्यानाचाही मोठा भाग त्यात होता. म्हणजे १,६०५ चौरस किलोमीटर. हैदराबाद महानगरपालिकेची हद्द तेव्हा साधारण ६५० चौरस किलोमीटरची होती. तशी अडीच हैदराबादं. आणि तरी पुढच्या पावसाळ्यात काळ्या राखेतून गवत वर आलं. बुंधे करपलेल्या ओकांना पालवी फुटली.

जवळून एकच झाड दाखवतो, कारण एवढ्या आकड्यांत डोळा कुठेतरी टेकायला हवा. तिथे एक सुतार पक्षी आहे. डोक्यावर लाल टोपी, पांढरे गोल डोळे, चेहरा विदूषकासारखा रंगवलेला. तो झाडाच्या सालीत एक भोक पाडतो आणि त्यात ओकचं एक फळ ठोकून बसवतो. मग शेजारी दुसरं भोक, दुसरं फळ. फळ वाळून आकसलं, ढिलं झालं, की काढून लहान भोकात हलवतो. नाहीतर चोर नेतील. कुटुंबच्या कुटुंब हे काम करतं, आणि एकाच झाडावर पिढ्यान्‌पिढ्या. अशा जुन्या कोठारझाडावर पन्नास हजारांपर्यंत भोकं असतात. गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या लोकलमध्ये पाच हजार माणसं कोंबलेली असतात असं धरलं, तर अशा दहा लोकल एका झाडाच्या सालीत! प्रत्येकाला आपली जागा, प्रत्येकाला आपलं भोक. पुतणीने बुंध्याला हात लावलेला फोटो पाठवलाय. तिच्या एका तळव्याएवढ्या जागेत मी एकोणीस भोकं मोजली.

आणि आता सगळं उलटं करू. इतका वेळ आपण म्हणतोय, केवढं मोठं, केवढं मोठं. त्या डोंगरात प्यूमा आहे, तपकिरी, बिनठिपक्यांचा, बिबट्याएवढा. एका नराला हिंडायला शंभर चौरस मैल लागू शकतात. शंभर चौरस मैल म्हणजे २५९ चौरस किलोमीटर. आपलं ३५२ चौरस किलोमीटरचं महाप्रचंड उद्यान, ते एकवीस लाख प्लॉट, ते अकराशे मुंबई-पुणे, त्याला स्वतःपुरतं राखायचं झालं तर त्यात एक नर बसतो, आणि दुसऱ्याला कुंपणाबाहेर पाय टाकावा लागतो! आपल्या बोरिवलीत मात्र १०४ चौरस किलोमीटरच्या आसपास चाळीस-पन्नास बिबटे राहतात. मुंबईत राहायचं तर बिबट्यानेही चाळीतच राहायचं. मला आपल्या बिबट्यांचं फार कौतुक वाटतं, आणि त्यांच्या अडचणीने पोटात कालवतंही.

आपल्याकडे असा आकडा कुणी मांडला नाही असं नाही. १९७९ मध्ये सोलापूर-नगरच्या माळरानावर माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं ते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. चोवीस कोची उद्यानं! पण त्यात गावं होती, शेतं होती, बाजार होते. पुढे हद्द आखडत १,२२२ चौरस किलोमीटरवर आली. आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो पक्षी त्यातल्या नान्नजच्या माळावर दिसणं आता नवलाचं झालंय. आपल्याला गवत रिकामं वाटतं. सरकारी कागदावरसुद्धा माळ म्हणजे पडीक.

कारण आपल्या गुरांचा हिशेबच वेगळा आहे. २०१९च्या पशुगणनेत भारतात १९ कोटी २५ लाख गाई-बैल आणि जवळजवळ ११ कोटी म्हशी. एकूण तीस कोटी. आणि कायमची कुरणं, गायरानं? सुमारे अडीच कोटी एकर. म्हणजे एकरामागे बारा जनावरं! ती जगतात बांधावर, कडब्यावर, रस्त्याकडेला, उकिरड्यावर. अमेरिकेत गुरं सुमारे ९ कोटी. आणि हवाई-अलास्का सोडून उरलेल्या अमेरिकेत चराऊ रान किती? ६५ कोटी ४० लाख एकर! एका गुरामागे सात एकर. आपल्याकडे एका एकरात बारा तोंडं, तिकडे एका तोंडाला सात एकर.

६५ कोटी ४० लाख एकर म्हणजे साडेसव्वीस लाख चौरस किलोमीटर. भारत ३२ लाख ८७ हजार. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचा अख्खा देश घ्या, त्याचे पाच भाग करा, एक बाजूला ठेवा, आणि उरलेल्या चारांवर नुसतं गवत पेरा. साडेआठ महाराष्ट्र! आणि जगाचं मिळून? कायमची कुरणं आणि चराऊ रानं तीनशे वीस कोटी हेक्टर. जवळजवळ दहा भारत. एकावर एक दहा भारत, आणि सगळ्यांत गुरं-मेंढरं!

या ढिगाऱ्यात आपलं कोचं उद्यान ठेवून बघा. अमेरिकेच्या चराऊ रानाच्या तुलनेत ते किती? साडेसात हजारांत एक. एक रुपयाच्या साडेसात हजार नाण्यांची रास टेबलावर ओता आणि त्यातलं एक नाणं उचला. एवढंच.

पण एकाने उचललं की दुसऱ्याचा हात पुढे होतो. तिकडे दक्षिण अमेरिकेच्या टोकाला डग्लस आणि क्रिस टॉम्पकिन्स या नवरा-बायकोने मेंढ्या-गुरांच्या रँच विकत घेतल्या, मैलोन्‌मैल कुंपणाची तार उपटली आणि जमीन देशांना परत केली. अर्जेंटिनात इबेराच्या पाणथळीत दीड लाख हेक्टर. चार कोची उद्यानं. तिथे सत्तरेक वर्षं जग्वार नव्हता. जानेवारी २०२१ मध्ये दोन पिलांसह एक मादी मोकळी सोडली, आणि पुन्हा आहे. चिलीत तर दहा लाख एकर! साडेअकरा कोची उद्यानं. डग्लस २०१५ मध्ये गेले. क्रिसबाईंनी जमीन देण्याचा करार पुरा केला. त्या दहा लाखांवर चिली सरकारने स्वतःचे नव्वद लाख घातले. मिळून एक कोटी एकर. चाळीस हजार चौरस किलोमीटर! पुणे जिल्हा घ्या, त्याला अहिल्यानगर जिल्हा जोडा, वर कोल्हापूर जिल्हा ठेवा. तीन जिल्हे, सह्याद्रीच्या कड्यापासून गोदावरीच्या काठापर्यंत, सगळे साखर कारखाने, सगळे घाट, सगळी धरणं. तेवढं एका निर्णयात, गुरं-मेंढरांकडून, जंगलाकडून, सरकारी दप्तरातून निघून उद्यानांच्या नावावर!

पेन्सिल इथे संपली. खरंच संपली, तासायला काही उरलं नव्हतं.

पुतणीला विचारलं, गुरं गेली तर गुरांचं म्हणून तिथे आता काय उरलंय? ती म्हणाली, तळी. रँचवाल्यांनी गुरांना पाणी प्यायला डोंगराच्या वळचणीत मातीचे बांध घालून खड्डे केले होते. ते तसेच आहेत. काठावर खुरांऐवजी आता बेडूक. अंगठ्याएवढा एक जीव, पण ओरडला की समोरच्या कड्यावर ऐकू जातं. डोंगरावर फोनला रेंज नाही, म्हणून तिने संध्याकाळी तळ्याकाठी बसून नुसता आवाज टिपला आणि मॉर्गन हिलला उतरल्यावर पाठवला. चाळीस सेकंदांचा.

रात्री हिमायतनगरच्या मुख्य रस्त्यावरची वर्दळ थोडी ओसरल्यावर गच्चीत जाऊन तो कानाला लावला. सुरुवातीला एक बेडूक, मग दोन, मग डावीकडून एक, पाण्यापलीकडून चार-पाच. मी मोजत गेलो. एकशे सदतीसपर्यंत आकडा धरून ठेवता आला. मग सगळ्या तळ्याने एकदम सूर लावला, आणि मी वही मिटून पुन्हा पहिल्यापासून ऐकत बसलो.